बारा केसांची ववी

अप्पा हात धुतल्याबिगर कामाला बसायचा न्हाई. आन त्या साली कुनी हात धुताना दिसला की मानसं त्याच्याकडं चोराकडं बघावं तशी बघायची.

पह्यल्या दिशी आमी चाळीस बाया चरीत उभ्या व्हतो. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून अंबाजोगाईपस्तोर काचंची केबल टाकायची व्हती, आन चर खंदायचं काम आमच्या मजूर सोसायटीनं घेतलंतं. कारखाना त्या साली पेटलाच न्हाई. ऊसच न्हाई तर तोडता काय? घरोघर कोयते आढ्याला अडकवलेले. परळीच्या वीजघराच्या धुराड्यातून बी धूर निगायचा बंद झालता, तितल्या मशीनीला सुदिक पानी न्हाई म्हनायचे. आमच्या वाडीवर आठव्या दिशी टँकर यायचा, तो बी आला तर. मपल्या घरी दोन घागरी पानी, आन हा बाबा टेम्पोतून उतरला, पिशवीतून साबन काढला आन तांब्याभर पान्यानं कोपरापस्तोर हात घासायला लागला. एकडाव न्हाई, तीनडाव.

वरच्या अंगाला कोंडाबाई शेरडं घेऊन उभी व्हती. कोंडाबाई मपली शेजारीन. नवरा मेंढरामागं गेला तो तिकडंच ऱ्हायला, लेकरू न्हाई, बाळ न्हाई. शेरडं तेवढी. जिभंला तिच्या हाड नव्हतं.

"आवं पावनं," ती वरूनच वरडली, "लगीन लागायलंय का तुमचं, का मयताहून आलाव?"

बाया खुदखुदल्या. अप्पानं हात झटकले, वर बघितलं. "दोनी न्हाई बाई. काच जोडायचीय. बोटाला घाम आसला, तेल आसलं की काच जुळत न्हाई. मळक्या हातानं जुळायला ती काय मानूस हाय?"

"मंग आमच्या शेरडाच्या तोंडचं पानी तुमच्या काचंला व्हय?"

अप्पानं खाली बघितलं. पानी मातीत कवाच जिरलंतं, निस्ता काळा डाग ऱ्हायलाता. दुसऱ्या दिशी त्यानं साबन आनला न्हाई. राखंनं हात घासले, फडक्यानं कोरडे पुसले, आन मंग घमेल्यावर हात धरून नुसत्या पान्यानं खळबळले. घमेलं उचललं आन कोंडाबाईच्या शेरडापुढं ठिवलं. कोंडाबाई तोंड वाकडं करून म्हनली, "राखुंडीचा वास येतोय." पन शेरडानं घमेलं चाटून कोरडं केलं. त्या दिसापासून तेच चाललं. अप्पाचे हात आन कोंडाबाईचं शेरडू, एकाच तांब्यावर.

नाव त्याचं मन्मथअप्पा. परळीकडचा. साठीचा गडी, काटकुळा, कपाळाला भस्म. वरच्या खिशात बामाची रिकामी बाटली. जिंदगी टेलिफोन खात्यात काढलेली. तवा तांब्याच्या तारा असायच्या, दंडाएवढी जाड केबल, तिच्यात शेकड्यानं जोड्या. त्या जोडता जोडता म्हातारा झाला, आन म्हातारपनी काच शिकला. सोसायटीला जॉइंटर पायजे व्हता, जॉइंटर म्हंजे केबलीची टोकं जोडनारा. दुसरा कुनी ह्या उन्हात यायला तयार न्हाई. अप्पा आला.

चर किती खोल खंदायची ते तो मीटरनं सांगायचाच न्हाई. मला चरीत उभी करायचा. "गंगाबाईचा खांदा दिसला न्हाई पायजे. खांदा दिसला की परत खंदा." मी बुटकी म्हनून बाया खुश. "बरं झालं गंगू उंच न्हाई," म्हनायच्या, "न्हाईतर पाताळात गेलो असतो." खडक लागला तितं मातर मांडीइतकीच व्हायची. डांबरीच्या कडंला सगळा काळा दगड लागला म्हनून लाइन आमच्या वाडीच्या माळावरनं वळवली. माळावर बी खडक, पन जरा भुसभुशीत. चरीत आदी पायप टाकायचा, नारिंगी, मनगटाएवढा. पायपातून केबल जायची, आन केबलीच्या पोटात मलमासारखं चिकट काय तरी, आन त्या मलमात केस.

केसच की ते. बाईच्या डोक्याच्या केसाएवढे. बारा. बारा रंगाचे.

अप्पानं पह्यल्यांदा केबल सोलून दावली तवा मला वाटलं, ह्याच्यासाठी आमी डोंगर फोडायलो व्हय? म्या इचारलं तसं. अप्पा हासला न्हाई. म्हनला, "गंगाबाई, तांब्याच्या तारंतून आवाज चालत यायचा. ह्याच्यातून उजेड पळतो. एका केसात आख्ख्या जिल्ह्याचं बोलनं एकाच टायमाला जातं."

"आन गुतत न्हाई?"

"न्हाई. एका आडावर चाळीस रहाट आसले, आन कुनाचाच दोर कुनाच्यात गुतला न्हाई, तर कसं? तसं. हरेकाच्या उजेडाचा रंग येगळा."

"मला तर उजेड दिसंना."

"दिसत न्हाई म्हनून न्हाई असं न्हाई." हे त्याचं लाडकं बोलनं. देवाला बी तेच, उजेडाला बी तेच. "आन टोकात डोळा घालून बघू नगंस. तो उजेड डोळा खातो आन मानसाला पत्ता लागत न्हाई."

बामाच्या बाटलीची गोष्ट अशी. केस जोडायच्या आदी त्याचं टोक कापावं लागतं. एक लहान हत्यार व्हतं, चट् करून वाजायचं, आन काचंचा बोटाच्या पेराएवढा तुकडा निगायचा. तो तुकडा बाटलीत. एका जॉइंटाला बारा केस, दोनी कडनं. म्हंजे चोवीस तुकडे. चोवीस मोजल्याबिगर अप्पा जाग्यावरनं उठायचा न्हाई, मंग ऊन असू दे न्हाईतर वावटळ. "आपल्या बाया अनवानी," तो म्हनायचा. "पायात गेला तर दिसायचा न्हाई. आतल्या आत फिरंल."

सोसायटीनं आमाला चपला देनार म्हनून चेअरमननं सांगितलंतं. त्या चपला अजून यायच्या हायत.

एक दिस मोजता मोजता तेवीस भरले. अप्पानं हात वर केला. "कुनी हालायचं न्हाई." आमी जितल्या तितं दगडावानी. भर दुपार. डोक्यावर पाटी असलेली पाटी घेऊन उभी. अप्पा गुडघ्यावर बसला आन माती हातानं चाचपायला लागला. म्या त्याच्या समोरच व्हते. बघता बघता मला कळलं, हा मानूस बघतच न्हाई. डोळे समोर एकीकडं, आन बोटं दुसरीकडं. आंधळं लेकरू भाकर हुडकतं तसं. आन तुकडा व्हता कुठं? त्याच्याच डाव्या तळहाताला चिकटलेला. उन्हात लखलखायलाता. मला चार हातावरनं दिसला, त्याला त्याच्या हातातला दिसला न्हाई.

म्या पुढं झाले. कुनाला न सांगता तुकडा चिमटीत धरला आन बाटलीत टाकला. "चोवीस," म्हनले.

बाया मोकळ्या झाल्या. अप्पा मातर बराच येळ गुडघ्यावरच बसून ऱ्हायला.

सांच्याला पाट्या टेकवताना त्यानं मला बाजूला बोलावलं. "कवाधरनं कळलं?"

"आताच की."

"शुगर हाय. अंबाजोगाईच्या डाक्टरनं सांगितलं, डोळ्यामागच्या पडद्यावर रगत उतरलंय. उजव्यानं जरा दिसतं, तेबी धूर. रंग तर न्हाईच कळत." मंग थांबून म्हनला, "जोडायचं काम मशीनच करतं गंगाबाई. टोकं ठिवली की ती आपनच जुळवती, ठिनगी टाकती, चिकटवती. मानसानं फक्त रंग वळखायचा. निळ्याला निळा. आन मला तेवढंच येईना."

"मंग घरी बसा की."

"सोसायटीला दुसरा जॉइंटर न्हाई. मी बसलो तर तुमी चाळीस जनी बसताव." हे तर खरंच व्हतं. आन मंग जे बोलला ते तो परत कवा बोलला न्हाई. "मपली बायको अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली, तवा मी ड्युटीवर व्हतो. तारा चोरीला गेलत्या. मला सांगावा तिसऱ्या दिशी आला. टेलिफोनवाल्याच्या घरचा टेलिफोन मुका. ही लाइन दवाखान्यापस्तोर मपल्या हातानं जोडायचीय. मंग डोळे गेले तरी जाऊ दे."

चाळीस जॉइंटाची लाइन. त्या दिशी अकरा झालते.

मला लिवता वाचता येत न्हाई. अंगठा हाय. पन रंग कुनाला येत न्हाईत? खरी भानगड सायबाची व्हती. लाइनीवर एक सायब यायचा, तरना, डोक्यावर पिवळी टोपी, जीपमधून. तो जॉइंटावर येऊन उभा ऱ्हायचा. त्याच्यापुढं मी अप्पाला "हा लाल, हा काळा" कसं सांगायचं? अडानी बाई जॉइंटरला रंग शिकवायलीय म्हनल्यावर कळलंच की.

मंग म्या ववी केली. आमच्याकडं जातं फिरवताना बाया ववी म्हनत्यात, तोंडाला लागलेली असती. केसांचा नंबर ठरलेला असतो, पह्यला निळा, मंग नारिंगी, बारावा मोरपंखी. त्याच नंबरानं म्या ववी बांधली.

निळं गं आभाळ, नारिंगी दिस आला,
हिरवं मेलं रान, तपकिरी माळ झाला.
राखी गं चुलीची, पांढरं कपाळ माझं,
लाल कुकू तुझं बाई, काळं मनी तुझं.
पिवळी हळद गं, जांभळी बांगडी,
गुलाबी लुगडं, मोरपंखी घडी.

अप्पाच्या बोटात जो केस यील, त्या रंगापस्तोर ववी म्हनायची आन थांबायचं. त्याला कळायचं. मी छत्री धरून बाजूला बसायचे, काम करनाऱ्या बाईनं गुनगुनावं तसं. सायब एकडाव म्हनला, "मावशी, गाणं अर्ध्यातच का सोडता?" म्या म्हनले, "दम लागतो सायब." अप्पाच्या मिशा हालल्या.

ववी पह्यल्यांदा ऐकली तवा अप्पाची बोटं थांबलीती. "पांढरं कपाळ माझं" इतं. मला नवरा जाऊन लई साल झालेते. अप्पा म्हनला, "नंबरच तसा हाय, गंगाबाई. पांढऱ्याशेजारी लाल." म्या म्हनले, "असू द्या की. मला काय रडायचंय?"

असे आमी अठरा जॉइंट केले. एकात बी खोट न्हाई. सायब दुसरं एक मशीन लावून बघायचा, उजेड कितपत जातोय ते, आन म्हनायचा, "अप्पा, तुमच्यासारखा हात नाही बघितला." हातच बघत व्हता तो.

एकोनतीस झाले. ऱ्हायले अकरा.

मधी एक वळीव पडून गेला. पाऊस म्हनायचा न्हाई, निस्ता शिडकावा. पन जितं आमी चर खंदून माती भरलीती, तितली माती मऊ. तिनं तेवढंबी पानी धरून ठिवलं. आठ दिसानं आख्ख्या माळावर एकच हिरवी रेघ. सरळ, वळून परत सरळ. बाकी सगळं करपलेलं, आन ही रेघ कुनी पेरल्यावानी. शेरडं तिच्यावरच चालायची.

मानसं बोलायला लागली. पायपात पानी हाय. न्हाईतर हिरवं कावून झालं असतं? परळीला नेत्यात म्हनं मशीनीला. आमच्या बुडाखालनं पानी जायलंय आन आमी टँकरची वाट बघायलो. म्या दहाडाव सांगितलं, आरं पानी न्हाई, काच हाय, म्या डोळ्यानं बघितली. मला म्हनायचे, "तुला सोसायटीची भाकर मिळती, तू तसंच म्हननार."

कोंडाबाई मला काय म्हनली न्हाई. तिची अकरा शेरडं व्हती, त्यातली चार ऱ्हायलीती. एक दिस उनाच्या येळंला ती धावतच आली. तोंड पांढरंफट्ट. उंबऱ्यात बसली.

"गंगे, पायपातून केस निगाले गं."

"काय?"

"पानी न्हाई निगालं. तुपावानी काय तरी निगालं, आन त्यातून केस. बाईच्या डोक्याचे. रंगीबेरंगी. कुनाला पुरलंय गं तितं?"

म्या कपाळाला हात लावला. हिरव्या रेघंला कान लावून ऐकलंतं तिनं म्हनं, आत सूं सूं वाजायलंतं. खुरप्यानं माती काढली. खडकावरची चर, मांडीइतकीच, लगीच पायप लागला. आढ्याचा कोयता आनून एकच घाव घातला. मंग भिऊन माती लोटली आन आली.

उजव्या हाताचा अंगठा ती चोळायलीती. "कायतरी टोचायलंय. दिसंना."

मी तिला अप्पाकडं घेऊन गेले. लपवून करायचं काय व्हतं? अप्पा टेम्पोच्या सावलीत बसलाता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. कोंडाबाईला वाटलं, आता हा शिव्या देनार. त्यानं हात फुडं केला. "अंगठा दे."

बोटाच्या शेंड्यानं तिचा अंगठा चाचपला, हळूहळू, जॉइंट करताना काच चाचपायचा तसा. एका जाग्यावर थांबला. चिकटपट्टीचा तुकडा लावला, दाबला, आन एका झटक्यात वढला. पट्टीवर बारीकसं लखलखलं. आमा दोघींला दिसलं. त्याला न्हाई. त्यानं पट्टीसकट ते बामाच्या बाटलीत टाकलं.

"अप्पा, मला पोलीस नेतेल का?" कोंडाबाई म्हनली. "मला नेलं तर शेरडं कोन बघंल?"

"घरी जा," अप्पा म्हनला. "आन कोयता जितं व्हता तितं अडकव."

लाइनीच्या झालेल्या भागात उजेड सोडलाता. ती तुटली तसं तिच्यावरचं तहसीलचं नेट बंद. आमचा टँकर दुसऱ्याच दिशी यायचा व्हता. तो आला न्हाई. इचारायला गेलेला मानूस सांगत आला, "नेट न्हाई, मंजुरी निगत न्हाई म्हनत्यात." चार दिस टँकर न्हाई. कोंडाबाईनं पान्यासाठी पायप तोडला आन आख्ख्या वाडीचं पानी तोडलं. तिचं एक शेरडू त्या चार दिसात मेलं. ती रडली न्हाई. रडायला बी अंगात पानी लागतं.

तिसऱ्या दिशी सायब आला. त्याच्याकडं एक मशीन असतं, एका टोकाकडनं उजेड सोडायचा, तुटल्या जाग्यावरनं तो माघारी येतो, आन मशीन सांगतं किती लांब तुटलंय. अप्पानं मला आदीच समजून सांगितलंतं, आडात दगड टाकला की आवाज कवा येतो त्यावरनं पानी किती खोल ते कळतं, तसं. आता आडात टाकलेल्या दगडाला दगडाचाच आवाज येतो, ती गोष्ट येगळी. मशीननं बरुबर आमच्या माळावर आनून उभं केलं सायबाला. चेअरमन बी आला, पांढरी पँट, गळ्यात उपरनं. सायबानं माती काढायला लावली. पायप उघडा पडला. घाव तिरका, सुरीनं काकडी कापावी तसा.

चेअरमन म्हनला, "घुशीनं कुरतडलं असंल सायब."

"घुशीच्या हातात कोयता?" सायब म्हनला. "हे बघा, मला पोलिसात केस करावी लागणार. नाव द्या. नाव दिलं नाही तर सोसायटीचं काम आजपासून बंद, आणि घराघरातले कोयते जमा करायला लावतो."

चाळीस बाया उभ्या. चाळीसच्या चाळीस जनींला ठावं व्हतं. वाडी केवढी असती? कोंडाबाई सगळ्यात मागं, तीन शेरडं घेऊन. चेअरमन अप्पाच्या कानाशी लागला, पन आमाला ऐकू आलं. "अप्पा, तुमाला म्हाईत हाय. द्या की नाव. एका बाईपायी चाळीस बायांच्या पोटावर पाय देताव का?"

अप्पानं हात पुसले. कोरडेच व्हते.

"म्या तोडला, सायब."

"तुम्ही?"

"पुढच्या जॉइंटाची जागा बघायलो व्हतो. केबल टाकल्याचा खुनंचा दगड दिसला न्हाई. मला वाटलं निस्ता मोकळा पायप हाय. कोयता म्याच घातला."

सायब हासला. "अप्पा, तुम्ही? तुम्हाला दगड दिसला नाही?"

"मला काईच दिसत न्हाई सायब. साल झालं."

एक शेरडू तेवढं ठसकलं. सायबाला पटंना. त्यानं खड्ड्यातनं तुटलेली केबल वर वढली, मलम पुसलं, आन एक केस सुटा करून अप्पाच्या तोंडापुढं धरला. "हा कोणता?"

लाल व्हता. मला दिसायलाता. आन मपलं तोंड आपनच उघडलं. ठरवून न्हाई, सवयीनं. अठरा जॉइंटाची सवय. "निळं गं आभाळ, नारिंगी दिस आला..." मला निस्तं कुकवापस्तोर जायचं व्हतं. कुकवापस्तोर गेले असते तर अप्पा वाचला असता. ऱ्हायले व्हते अकराच जॉइंट.

"गंगाबाई," अप्पा म्हनला. आवाज चढवला न्हाई. "आज गप ऱ्हा."

म्या गप ऱ्हायले.

"निळा," अप्पा म्हनला.

सायबानं दुसरा केस धरला. पांढरा. "आणि हा?"

"निळाच हाय."

तिसरा धरलाच न्हाई सायबानं. तो मपल्याकडं बघायलाता. मपल्या तोंडाकडं. शिकलेला मानूस, त्याला ववीचा हिशेब लागला असंल का न्हाई, मला आजपस्तोर कळलं न्हाई. टोपी काढून त्यानं घाम पुसला. कागदावर कायतरी लिवलं. "चुकून तुटलं," म्हनला, "काम करताना." मंग अप्पाला म्हनला, "दुसरा जॉइंटर मागवतो मी. तुम्ही घरी जा." आवाज मऊ व्हता. मऊ आवाजानं बी मानूस घरीच जातो.

केस झाली न्हाई. सोसायटीचं काम बंद पडलं न्हाई. दुसरा जॉइंटर दोन दिसानं आला, बाहीरगावचा, कानात वायर घालून गानं ऐकायचा. त्यानं आदी तुटलेली केबल जोडली, मंग ऱ्हायलेले अकरा जॉइंट केले. लाइन अंबाजोगाईच्या दवाखान्यापस्तोर गेली. तुकडे तो तितंच मातीत झटकायचा. आमी खाली बघून चालायला शिकलो.

पन अप्पाचं सांगायचं ऱ्हायलं. जायच्या टायमाला टेम्पो त्याला सोडायला थांबला न्हाई, सायबाची मशीनं घेऊन कवाच गेला. त्यानं आपली पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात कोंडाबाई आली. तिच्या हातात तांब्या. टँकरचा पत्ता न्हाई, आन तांब्या काठोकाठ भरलेला. कुठनं आनला तिलाच म्हाईत. अप्पाच्या पुढं धरला. "हात धुवा," म्हनली. एवढी बोलकी बाई, आन दोनच शब्द.

अप्पानं तांब्याला हात लावला, वरपस्तोर, कितपत भरलाय ते बघितलं. "आता हात धुवून काय जोडू?" म्हनला. "शेरडाला पाज."

मंग मपल्याकडं तोंड केलं. म्हंजे मी जितं असंल असं त्याला वाटलं तिकडं. खिशातनं बामाची बाटली काढली. "ही कुठं टाकू नगंस. उकिरड्यावर न्हाई, आडात न्हाई. आडाला कवा तरी पानी यील."

बाटली अजून मपल्याकडं हाय, आढ्याला. आडाला पानी आलतं मधी दोन साल.

"डांबरीपस्तोर येते," म्या म्हनले. "तुमाला दिसत न्हाई."

"नगं." त्यानं वाकून चपला काढल्या. आमच्या अनवानी पायासाठी ज्यानं हरेक तुकडा मोजला, त्यानं चपला काढून पिशवीत टाकल्या. एक पाय टेकवला, जरा सरकवला, परत टेकवला. मला आदी कळंना काय करायलाय. मंग कळलं. बाजूचा माळ कडक, आन आमी खंदून भरलेली माती मऊ. तो पायानं चर हुडकत व्हता.

सापडली. ताठ झाला, आन निगाला. हळू न्हाई, हात पुढं करून न्हाई, डोळस मानसावानी. हिरव्या रेघंवरनं, पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. आमी बाया पाट्या घेऊन उभ्या ऱ्हायलो. शेरडं त्याच्या मागं थोडी गेली आन थांबली. तो लहान होत गेला, काडीएवढा, मंग केसाएवढा. एकडाव बी मागं वळला न्हाई, एकडाव बी अडखळला न्हाई. जितं आमची चर वळलीती, तितं तो वळला.